दडलेला अर्थ शोधण्याआधी : पॉप आणि रॉक गीते वाचण्याचा क्रम

ईगल्स या अमेरिकन बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणे मनोरुग्णालयावर आहे, सैतानाच्या उपासकांवर आहे की अमली पदार्थांवर, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्या बहुतेकांनी त्या गाण्याचे शब्द पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही सलग वाचलेले नसतात. कोठेतरी ऐकलेला अर्थ आधी मनात बसतो आणि मग त्याला जुळतील तेवढ्या ओळी गाण्यातून वेचल्या जातात. उरलेल्या ओळींचे काय करायचे, हे कोणी स्वतःला विचारत नाही. क्रम असा उलटा लागला की हुशार वाचकही फसतो.

मराठी वाचकाच्या बाबतीत या चुकीला आणखी एक कारण आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, तेव्हा तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे भारूडच सांगून टाकते आणि त्यावरचा उताराही तेच सांगते. रूपकाची किल्ली कवीने दाराशीच ठेवलेली असते. आपल्या कानाला ही सवय लहानपणापासून असल्यामुळे इंग्रजी रॉक गीतातही ‘हॉटेल म्हणजे अमुक, ती बाई म्हणजे तमुक’ असा एकास एक हिशेब आपण मांडू लागतो. रॉक गीतकार अशी किल्ली सहसा ठेवत नाही. पुष्कळदा एकाच गाण्यातली एक ओळ रूपक असते, दुसरी निव्वळ शब्दांवरची कोटी असते, आणि तिसरी केवळ यमक जमते म्हणून आलेली असते. या तिन्हींना एकाच मापाने मोजले की अर्थ बिघडतो.

आपल्या काव्यशास्त्रातली वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ ही जुनी त्रयी या कामासाठी फार उपयोगी आहे. शब्दांचा सरळ अर्थ आधी, तो अडला तर त्याला लागून असलेला अर्थ नंतर, आणि सुचवलेला अर्थ सर्वांत शेवटी. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने लावलेले आहेत.

पूर्वतयारी

एका गाण्यासाठी किमान तीन बैठका ठेवाव्यात आणि त्या वेगवेगळ्या दिवशी ठेवाव्यात, कारण पहिल्या दिवशी सुचलेला अर्थ दुसऱ्या दिवशी परक्याच्या नजरेने पाहता येतो. साधने थोडीच लागतात : बरे इअरफोन, एक वही, एक मोठा इंग्रजी कोश, आणि बोलीभाषेतले शब्द कोणत्या प्रदेशात व कोणत्या काळात रूढ होते हे सांगणारा दुसरा कोश. वहीच्या डाव्या पानावर गाण्याचे शब्द लिहावेत आणि उजवे पान प्रश्नांसाठी मोकळे सोडावे. पानाच्या तळाशी चार बोटे जागा राखून ठेवावी. तिचे काम शेवटच्या टप्प्यात पडेल.

सावधान : आठव्या टप्प्यापर्यंत कोणाचेही स्पष्टीकरण वाचू नये, व्हिडिओ पाहू नये, मित्राला विचारू नये. एकदा कानावर पडलेला अर्थ पुसून टाकता येत नाही, आणि पुढचे सगळे वाचन त्या अर्थाच्या समर्थनासाठी होऊ लागते.

टप्पा १ : कागदाविना ऐकणे

गाणे तीन वेळा पूर्ण ऐकावे. पहिल्या वेळी काहीही लिहू नये. दुसऱ्या वेळी आवाज कोठे चढतो, कोठे दबतो, कोणती ओळ पुन्हा पुन्हा येते, एवढेच टिपावे. तिसऱ्या वेळी गाण्यात एखादी घटना घडते का, की फक्त मनःस्थिती वर्णिली आहे, हे ठरवावे. घटना असलेले गाणे कथेसारखे वाचायचे असते आणि मनःस्थितीचे गाणे पत्रासारखे. या टप्प्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देण्याची गरज नाही.

टप्पा २ : शब्द निश्चित करणे

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये.

कॉलेजच्या दिवसांत मी कॅसेट थांबवून, थोडी मागे घेऊन, पुन्हा लावून गाण्यांचे शब्द वहीत उतरवत असे. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या पहिल्या कडव्यात वाळवंटातल्या रस्त्यावर कशाचा तरी उबदार वास दरवळतो. ते ‘कशाचा तरी’ मला नीट ऐकू येईना, तेव्हा वहीत त्या जागी मी कॉफीशी जुळणारा शब्द लिहिला, आणि पुढे कित्येक वर्षे महामार्गाच्या कडेला कॉफीचे दुकान आहे, प्रवासी दमला आहे आणि त्याला तरतरी हवी आहे, असे चित्र माझ्या मनात पक्के राहिले. खरा शब्द ‘कोलितास’ आहे. तो स्पॅनिश आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘छोट्या शेपट्या’, आणि मेक्सिकोच्या बोलीत तो गांजाच्या शेंड्यांसाठी वापरतात. एका शब्दाने कडव्याचा रोख उलटा झाला : तरतरीच्या जागी गुंगी आली, आणि पुढच्याच ओळींत प्रवाशाचे डोके जड का होते व नजर अंधुक का होते, याचे उत्तर मिळाले.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचेही असेच होते. जिमी हेंड्रिक्सच्या १९६७च्या ‘पर्पल हेझ’मध्ये तो आकाशाचे चुंबन घेण्याची गोष्ट करतो, आणि हजारो श्रोत्यांना तेथे ‘या माणसाचे चुंबन’ ऐकू आले. किंग्समेन या चमूने १९६३ साली गायलेल्या ‘लुई लुई’त अश्लील शब्द दडले आहेत अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफबीआयने ध्वनिमुद्रिका वेगवेगळ्या गतींनी वाजवून तपासली, आणि शब्द कोणत्याही गतीला कळत नाहीत असा निष्कर्ष काढला. अस्पष्ट उच्चारात प्रत्येक जण आपल्या मनातले ऐकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

शब्दांसाठी पहिला आधार म्हणजे अल्बमसोबत छापून आलेला गीतांचा कागद किंवा कलाकाराचे अधिकृत संकेतस्थळ. इतर संकेतस्थळांवरचे शब्द बहुधा श्रोत्यांनीच ऐकून टंकलेले असतात, त्यामुळे ते दोन ठिकाणी ताडून पाहावेत आणि मग स्वतःच्या कानाने तपासावेत. अल्बममधली आवृत्ती आणि कार्यक्रमात गायलेली आवृत्ती यांचे शब्द वेगळे असू शकतात. कोणती घेतली हे वहीत लिहून ठेवावे.

सावधान : गाणे उलटे वाजवून संदेश शोधण्याच्या वाटेला जाऊ नये. उलट्या आवाजात काय ऐकायचे हे आधी सांगितले की तेच ऐकू येते, सांगितले नाही तर बहुतेकांना काहीच ऐकू येत नाही. जूडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडवर छुप्या संदेशाच्या आरोपावरून झालेला खटला १९९० साली अमेरिकेतील रेनो येथे चालला. ऐकू येतो असे म्हटलेला शब्द म्हणजे आवाजांचा योगायोग आहे असे ठरून दावा फेटाळला गेला.

पडताळा : डाव्या पानावरची प्रत्येक ओळ गाण्यासोबत बोट ठेवून वाचावी. जेथे कान आणि कागद जुळत नाहीत, तेथे खूण करावी आणि त्या शब्दावर पुढे कोणताही अर्थ उभा करू नये.

टप्पा ३ : वाच्यार्थ मराठीत लिहून काढणे

आता संपूर्ण गाणे साध्या मराठी गद्यात लिहावे. कविता करू नये, भाषांतर सजवू नये. काय घडते तेवढेच लिहावे. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे असे होईल : रात्री वाळवंटातून जाणाऱ्या माणसाला गुंगी येते, तो दूरच्या दिव्याच्या रोखाने एका हॉटेलात थांबतो. दारात एक स्त्री उभी आहे. हा स्वर्ग असेल किंवा नरक असेल, असे त्याच्या मनात येते. ती मेणबत्ती लावून वाट दाखवते. आतल्या अंगणात लोक नाचत आहेत, काही आठवण्यासाठी, काही विसरण्यासाठी. तो वाइन मागतो. ती मिळत नाही. येथे सगळे आपणच केलेल्या बंदिवासात आहेत, असे ती सांगते. मेजवानीत जमलेले लोक एका पशूवर सुऱ्या चालवतात, पण तो मरत नाही. प्रवासी दाराकडे धावतो, आणि रात्रपाळीचा माणूस त्याला सांगतो की हिशेब चुकता कधीही करा, निघून मात्र जाता येणार नाही.

एवढे लिहिल्यावरच काही अफवा गळून पडतात. गाण्यात डॉक्टर नाही, औषध नाही, कोणी कोणाला कोंडून घातलेले नाही. उलट कैद ही स्वतःच ओढवून घेतलेली आहे असे गाणे स्पष्ट शब्दांत म्हणते. मनोरुग्णालयाचा अर्थ लावणाऱ्याला ही ओळ वगळावी लागते, आणि ती गाण्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

सावधान : या टप्प्यावर ‘म्हणजे’, ‘प्रतीक’, ‘सूचित’ हे शब्द वहीत येता कामा नयेत. आले तर खोडावेत.

पडताळा : गाणे कधीही न ऐकलेल्या माणसाला हा मजकूर वाचून दाखवावा. त्याला गोष्ट कळली नाही, तर एखादी ओळ आपल्यालाच कळलेली नाही. ती शोधून उजव्या पानावर नोंदवावी.

टप्पा ४ : बोलतो कोण, कोणाशी

गाण्यातला ‘मी’ म्हणजे गायक, असे धरून चालणे ही मोठी चूक आहे. ब्रायन ॲडम्सच्या ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’मध्ये निवेदक पहिली गिटार, शाळेतल्या मुलांचा बँड आणि प्रेमातला उन्हाळा आठवतो. ॲडम्सचा जन्म नोव्हेंबर १९५९चा आहे, म्हणजे त्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा होता. गाण्यातला तरुण हे रचलेले पात्र आहे, हे एका वजाबाकीने सिद्ध होते. असा जन्मवर्षाचा हिशेब प्रत्येक आत्मकथनपर गाण्यात करून पाहावा.

दुसरी चूक म्हणजे गोड सुरात बोलणारा माणूस चांगलाच असणार, असे मानणे. द पोलीस या बँडच्या १९८३च्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’मधला निवेदक तिचा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल, प्रत्येक मोडलेले वचन आपण पाहत राहू असे सांगतो, आणि ती आपल्या मालकीची आहे असेही सांगतो. लग्नाच्या स्वागत समारंभात हे गाणे हौसेने वाजवले जाते. ते लिहिणाऱ्या स्टिंगने मात्र हे मत्सराचे, पाळत ठेवण्याचे गाणे आहे असे अनेकदा सांगितले आहे. त्याचे म्हणणे माहीत नसतानाही हे कळू शकते. त्यासाठी गाण्याच्या ओळी चालीशिवाय, सपाट आवाजात, अनोळखी क्रमांकावरून एखाद्या मुलीच्या फोनवर आलेला संदेश आहे असे समजून वाचाव्यात. अंगावर काटा येतो. ही परीक्षा मी प्रत्येक प्रेमगीतावर करतो, आणि पुष्कळ गाणी तिच्यातून सुखरूप बाहेर पडतात.

गायकाच्या चरित्रातून अर्थ काढण्याचा मोह महाराष्ट्रात एका गायकाबाबत विशेष होतो. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा, पारशी घरातला मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. त्यामुळे १९७५च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तल्या ‘बिस्मिल्ला’ या शब्दात पाचगणी, मुंबई, झांझिबार यांचे धागे शोधले जातात. धागा असूही शकेल. पण त्याच ओळींभोवती इटालियन नाटकातली पात्रे आणि एका शास्त्रज्ञाचे नावही आहे, आणि मर्क्युरीने गाण्याचा अर्थ उलगडून सांगण्याचे आयुष्यभर टाळले. जन्मभूमीच्या आपुलकीने एक शब्द उचलणे आणि बाकीचे सोडणे, हीसुद्धा तीच वेचून घेण्याची चूक आहे.

टप्पा ५ : वाक्प्रचार, बोली आणि कोट्या

मराठी वाचकासाठी हा टप्पा सर्वांत कठीण आणि सर्वांत फळ देणारा आहे. आपण शिकलेली इंग्रजी पुस्तकी असते आणि गाणी गल्लीतल्या भाषेत लिहिलेली असतात.

आर. ई. एम. या बँडच्या १९९१च्या ‘लुझिंग माय रिलिजन’चा अर्थ धर्मावरचा विश्वास उडाला, असा लावणारे लेख मी वाचले आहेत. हा बँड अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातला. तिकडच्या बोलीत धर्म गमावणे म्हणजे सहनशक्ती संपणे, ताळतंत्र सुटणे. गाणे एकतर्फी ओढीने हैराण झालेल्या माणसाचे आहे. आपण जास्त बोललो की कमी बोललो, याची तो उलटसुलट चिंता करतो. मराठीत ‘जीव टांगणीला लागला’ हे वाचून कोणी खुंटी शोधत बसले, तर जे होईल तेच येथे होते.

बीटल्सच्या १९६५च्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये शेवटी पक्षी उडून जातो. त्या काळच्या ब्रिटिश बोलीत ‘पक्षी’ म्हणजे तरुणी. येथे पिंजरा, आत्मा, मुक्ती असे काहीही नाही. सकाळी निवेदक उठतो तेव्हा ती घरातून निघून गेलेली असते. पक्षी म्हटला की आत्मा, ही आपल्या भजनांची सवय येथे आड येते. पॉल मॅकार्टनीने नंतर सांगितले की शेवटी निवेदक जो जाळ पेटवतो, तो शेकोटीचा नाही, रागाने तिचे घर पेटवण्याचा आहे. ही छटा ओळीत आहे, पण ती ऐकू यायला आधी पक्ष्याचे कोडे सुटावे लागते.

आता पुन्हा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. दुसऱ्या कडव्यात त्या स्त्रीचे वर्णन करताना महागड्या दागिन्यांच्या दुकानाचे नाव येते आणि लगेच मर्सिडीझ गाडीचे. पण छापील कागदावर गाडीच्या नावाचा दुसरा भाग वेगळ्या अक्षरांत आहे : ‘बेन्झ’च्या जागी ‘बेंड्स’. खोल पाण्यातून पाणबुड्या फार वेगाने वर आला की त्याच्या शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जो जीवघेणा त्रास होतो, त्याला ‘बेंड्स’ म्हणतात. म्हणजे गाडीचा षोक हा आजार आहे, आणि तो फार वेगाने वर येणाऱ्याला होतो. कान दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकतात, म्हणून ही कोटी केवळ ऐकून कळत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या टप्प्यात छापील कागदाचा आग्रह धरला.

त्याच कडव्यानंतर निवेदक वाइन मागतो आणि त्याला उत्तर मिळते की ते ‘स्पिरिट’ १९६९पासून येथे नाही. कोशात ‘स्पिरिट’चे दोन अर्थ मिळतील : ऊर्ध्वपातन करून काढलेली कडक दारू, आणि चैतन्य किंवा वृत्ती. वाइन ऊर्ध्वपातनाने काढत नाहीत, म्हणजे पहिला अर्थ काटेकोरपणे लागू पडत नाही. वाच्यार्थ असा अडला की लक्ष्यार्थाकडे जाण्याची परवानगी मिळते. वाच्यार्थ नीट लागत असताना मात्र ती परवानगी नसते, आणि हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

पडताळा : प्रत्येक अडलेल्या शब्दापुढे तो कोणत्या देशाच्या बोलीतला आणि कोणत्या काळातला, हे लिहावे. आजचा बोली अर्थ पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्यावर लादू नये.

टप्पा ६ : चाल काय म्हणते

शब्द आणि चाल एकाच दिशेने जातात की विरुद्ध, हे पाहावे. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८४च्या ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’चे धृपद मूठ उंचावून गाता येते, ढोल विजयाच्या मिरवणुकीसारखे वाजतात. कडवी मात्र व्हिएतनामहून परतलेल्या माणसाची आहेत : कारखान्यात काम मिळत नाही, माजी सैनिकांच्या कार्यालयात दाद लागत नाही, भाऊ तिकडेच मारला गेला आहे, आणि शेवटी जायला जागा उरलेली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या निवडणूक सभेत रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनचे नाव घेऊन त्याच्या गाण्यांतल्या आशेचा गौरव केला. धृपदच तेवढे ऐकले तर असे वाटणे स्वाभाविक आहे.

हेच गाणे स्प्रिंगस्टीनने आधी केवळ गिटारवर, उदास चालीत मुद्रित केले होते. ती आवृत्ती १९९८ साली ‘ट्रॅक्स’ या संचात प्रसिद्ध झाली. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. शब्द जवळजवळ तेच, पण उदास आवृत्तीत ते तक्रार होतात आणि मोठ्या आवाजातल्या आवृत्तीत तीच तक्रार ओरडून सांगितलेला हक्क होते. माझ्या मते मोठ्या आवाजातली आवृत्तीच अधिक प्रामाणिक आहे, कारण ज्या देशाने टाकले त्या देशाचे नाव तो माणूस अजूनही अभिमानाने घेतो आणि दुखणे नेमके तेथे आहे.

सावधान : चाल आणि शब्द विरुद्ध दिसले की ‘उपहास’ असा शिक्का लगेच मारू नये. दोन भावना एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

टप्पा ७ : काळ आणि तारखा

गाणे कधी लिहिले, कधी मुद्रित झाले आणि कधी प्रसिद्ध झाले, या तीन तारखा वेगळ्या असतात. अर्थासाठी लिहिण्याची तारीख महत्त्वाची. तिच्यानंतर घडलेली घटना गाण्याचा विषय असू शकत नाही. इतका साधा नियमही अनेक व्याख्यांत पाळलेला दिसत नाही.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ १९७६च्या डिसेंबरात आले. १९६९ हे वर्ष त्याच्या सात वर्षे मागे आहे, आणि लॉस एंजेलिसच्या संगीतविश्वात ते ऑगस्टमधल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या उत्साहाचे आणि डिसेंबरात आल्टामाँटच्या रॉक मैफलीत झालेल्या हिंसाचाराचे वर्ष म्हणून लक्षात राहिले. सैतानाचा अर्थ लावणारे म्हणतात की सैतानपूजकांचा एक ग्रंथही १९६९ सालीच आला. ते खरे आहे. पण त्याच वर्षी माणूस चंद्रावरही उतरला. केवळ साल जुळणे हा पुरावा होत नाही. त्या सालाची घटना गाण्यातल्या इतर ओळींशीही जुळली पाहिजे, आणि हरवलेल्या वृत्तीची गोष्ट करणाऱ्या ओळीत आदर्शवादाचा शेवट जसा बसतो तसा सैतान बसत नाही.

जेम्स टेलरच्या १९७०च्या ‘फायर अँड रेन’मध्ये उडते यंत्र जमिनीवर तुकडे होऊन पडल्याची ओळ आहे. तिच्यावरून विमान अपघाताची आणि त्यात मेलेल्या प्रेयसीची कथा पसरली. तारखांचा शोध घेतला की कळते, ‘फ्लाइंग मशीन’ हे टेलरच्या मोडलेल्या बँडचे नाव होते. विशेषनामे शोधावीत, अर्धी रहस्ये तेथेच संपतात.

टप्पा ८ : कर्त्याचे म्हणणे

आता मुलाखती वाचाव्यात, पण साक्ष म्हणून, निकाल म्हणून नव्हे. प्रत्येक विधानापुढे ते गाण्यानंतर किती वर्षांनी केले आहे, हे लिहावे. गाण्याच्या एकाहून अधिक लेखकांची मते वेगळी आहेत का, तेही पाहावे : ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’मधला आकडा वर्षाचा नसून शरीरसंबंधाचा आहे असे ॲडम्सने सांगितले, तर सहलेखक जिम व्हॅलन्स वर्षाचाच अर्थ धरतात. दोघेही खरे बोलत असतील; ओळ दोघांची आहे.

काही वेळा कर्ता अर्थ शोधणाऱ्यांना मुद्दाम चकवतो. लिव्हरपूलच्या आपल्या जुन्या शाळेत बीटल्सच्या गीतांचा अर्थ वर्गात शिकवतात, हे एका विद्यार्थ्याच्या पत्रातून कळल्यावर जॉन लेननने १९६७च्या ‘आय ॲम द वॉलरस’मध्ये अर्थ लागू नये अशाच ओळी घातल्या. तेथे शब्दांचा नाद आणि विसंगती यांवर लिहावे. ओळीमागे व्यक्ती शोधू नये.

त्याच वर्षीच्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’च्या शीर्षकातली आद्याक्षरे एलएसडी या अमली पदार्थाची आहेत, असा समज आजही पक्का आहे. लेननने सांगितले की शीर्षक त्याच्या लहान मुलाने शाळेतल्या लूसी या मैत्रिणीच्या काढलेल्या चित्रावरून आले आणि दृश्ये लुईस कॅरलच्या पुस्तकावरून. लूसी ही खरोखर त्या शाळेत होती. पण शीर्षकाचा उगम सिद्ध झाला म्हणून गाण्यातल्या रंगांच्या भ्रमाचा त्या काळाच्या अमली पदार्थांशी संबंध नव्हता, असे सिद्ध होत नाही. उगम आणि परिणाम हे दोन रकाने वेगळे ठेवावेत.

टप्पा ९ : अर्थ लिहिणे

येथपर्यंत आल्यावर वहीच्या तळाशी राखलेल्या चार बोटांच्या जागेत अर्थ लिहावा. जागा कमी आहे ती जाणूनबुजून. त्यात न मावणारा अर्थ बहुधा गाण्याबाहेरचा असतो. लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा अर्थ किती ओळींना लागतो आणि किती ओळी वगळाव्या लागतात? गाण्यातली कोणती ओळ असती तर मी हा अर्थ सोडला असता? आणि याहून साधा अर्थ तेवढ्याच ओळींना पुरतो का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसेल, तर तो अर्थ कोणत्याही गाण्याला लागेल, आणि म्हणून या गाण्याला लागत नाही.

प्रत्येक विधानापुढे ‘पक्के’, ‘बहुधा’ किंवा ‘कच्चे’ असा शेरा लिहावा. माझ्या वहीतली ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची नोंद अशी आहे :

पक्के : ऐषआरामाच्या जागी स्वतःहून शिरलेला आणि सवयीमुळे बाहेर न पडू शकणारा माणूस, कैद स्वतःची, हे गाणेच सांगते. ‘स्पिरिट’ आणि ‘बेंड्स’ या कोट्या. पहिलीबद्दल वाइन-दारूचा फरक आपल्याला ठाऊक होता आणि ओळ समाजाविषयी होती, असे गाण्याचा गायक आणि सहलेखक डॉन हेन्ली याने मुलाखतीत स्पष्ट केले आहे.

बहुधा : हॉटेल म्हणजे सत्तरीच्या दशकातले लॉस एंजेलिसचे संगीतविश्व, निरागसतेकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास, असे हेन्लीचे वर्णन, आणि पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंतच्या हालचालीशी ते जुळते. पशू म्हणजे न मरणारी हाव किंवा व्यसन. सुऱ्यांचे ‘स्टीली’ हे विशेषण मात्र स्टीली डॅन या बँडला केलेला मित्रत्वाचा नमस्कार आहे, त्यातून अर्थ काढू नये.

कच्चे : दारातली स्त्री कोण. छतावरचे आरसे कशासाठी. देवळाची घंटा वाजते ती पहिल्याच कडव्यात का. येथे रकाना कोरा ठेवला आहे.